शेक, पट्टा आणि नऊ प्रश्न

कंबर धरली की सल्ला देणाऱ्यांची वानवा नसते. कुणी कडक अंथरुणावर पडून राहायला सांगतं, कुणी पट्टा बांधायला लावतं, कुणी एमआरआय कुठे स्वस्तात होतो तेही सांगून मोकळं होतं. यातला बराचसा सल्ला मनापासून दिलेला असतो. तो बरोबर आहे की नाही, हे मात्र फार थोड्या ठिकाणी चिकाटीने तपासलं गेलं. त्यातलं एक ठिकाण म्हणजे इंग्लंडमधलं कील विद्यापीठ.

स्टॅफर्डशायरमध्ये, चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहराजवळ हे विद्यापीठ आहे. साथरोगशास्त्राचे प्राध्यापक पीटर क्रॉफ्ट, संधिवाततज्ज्ञ एलेन हे, फिजिओथेरपिस्ट नदीन फॉस्टर आणि जोनाथन हिल ही तिथे काम केलेल्या संशोधकांपैकी काही नावं. या मंडळींनी अभ्यासासाठी मोठी रुग्णालयं न निवडता फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने निवडले. ही निवड फार मोलाची होती. रुग्णालयात पोचतो तो जास्त बिघडलेला, गाळून गाळून आलेला रुग्ण. इंग्लंडमध्ये बहुतेक प्रत्येकाचं नाव एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात नोंदलेलं असतं आणि पाठ, गुडघा, खांदा दुखायला लागला की माणूस आधी तिथे जातो. त्या पहिल्या भेटीत त्याला काय मिळावं, हा या गटाचा प्रश्न. त्यांनी आणि इतरांनी शोधलेलं आपल्या समजुतींसमोर ठेवून पाहायला हवं, कारण कंबरदुखीची भीती तिकडे आणि आपल्याकडे सारखीच आहे.

गैरसमज : कंबरदुखी महिन्याभरात आपोआप जाते.

वस्तुस्थिती : हा समज डॉक्टरांमध्येही होता. क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी दक्षिण मँचेस्टरमधल्या दोन दवाखान्यांत कंबरदुखीसाठी आलेल्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. 1998 मध्ये तो अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. सुमारे 90 टक्के रुग्णांनी तीन महिन्यांच्या आत डॉक्टरकडे येणं थांबवलं होतं. डॉक्टरच्या खुर्चीत बसून पाहिलं तर ते बरे झाले होते. पण त्यांना गाठून विचारल्यावर कळलं, की वर्षानंतर पूर्ण बरे झालेले फक्त 25 टक्के आहेत. बाकीच्यांचं दुखणं थोडंफार चालूच होतं. ते फक्त दवाखान्यात यायचे थांबले होते.

या निष्कर्षाने माणसाने खचून जायचं कारण नाही. त्रास कमी होतो, कामं सुरू होतात, मधूनमधून पाठ पुन्हा बोलते, असा या दुखण्याचा स्वभाव आहे. पण निम्म्याहून अधिक रुग्ण डॉक्टरकडे एकदाच आले होते, हे ध्यानात घेतलं की पहिल्या भेटीत काय सांगितलं जातं याला किती वजन आहे ते कळतं. पुढची भेट होईलच असं नाही.

गैरसमज : एमआरआय काढल्याशिवाय काय झालंय ते कळणार नाही.

वस्तुस्थिती : 2015 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाठीचं काहीच दुखणं नसलेल्या 3,110 लोकांच्या स्कॅनचे निष्कर्ष वेगवेगळ्या अभ्यासांतून एकत्र केले. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसत होती. ऐंशीच्या घरात हे प्रमाण 96 टक्क्यांवर गेलं. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. या लोकांना कसलीच तक्रार नव्हती.

आता हाच रिपोर्ट दुखणाऱ्या माणसाच्या हातात आला की काय होतं? ‘डिस्क बल्ज’, ‘डिजनरेशन’ हे शब्द तो इंटरनेटवर शोधतो. कुणीतरी सांगतं, ‘मणक्यात गॅप आलाय.’ त्या दिवसापासून तो वाकायचं थांबतो, नातवंडाला उचलत नाही, बादली भरताना शेजाऱ्याला हाक मारतो. न वापरलेले स्नायू ढिले पडतात आणि दुखणं मुक्कामाला येतं. केस पांढरे होणं जसं वयाचं, तशी ही झीजही बरीचशी वयाची असते, हे त्याला त्या रिपोर्टबरोबरच कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साध्या कंबरदुखीसाठी पहिल्या पातळीवर सरसकट स्कॅन करू नका असं सांगितलं आहे. स्कॅन तातडीने लागतो अशी काही लक्षणं आहेत, ती पुढे देतो.

गैरसमज : दुखतंय तोवर पडून राहावं.

वस्तुस्थिती : हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर नुकतीच धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, काहींना झेपेल तितकी रोजची कामं करत राहायला सांगितलं. सगळ्यांत लवकर सावरले ते रोजची कामं करणारे. अंथरुणातले सर्वांत मागे राहिले.

गैरसमज : फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीन.

वस्तुस्थिती : आपल्याकडे ‘फिजिओथेरपी घेतली’ याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो, की दहा दिवस टेबलावर पालथं पडून करंट घेतला, अल्ट्रासाउंड फिरवून घेतलं, ट्रॅक्शन लावलं आणि निघताना पट्टा विकत घेतला. नाइसच्या त्याच सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, विजेच्या प्रवाहाचे टेन्स आणि इंटरफेरेन्शियल हे प्रकार आणि पट्टे देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यांचा उपयोग होतो असा पुरावा नाही म्हणून. व्यायाम, माहिती आणि रोजचे व्यवहार चालू ठेवायला मदत यांची मात्र शिफारस आहे.

कीलच्या गटाने तर मशीनच्याही पुढे जाऊन हाताने केलेल्या उपचारांची परीक्षा घेतली. एलेन हे यांच्या नेतृत्वाखालचा तो प्रयोग 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीच्या 402 रुग्णांपैकी निम्म्यांवर फिजिओथेरपिस्टांनी हाताने मणके सैल करण्याचे उपचार केले. उरलेल्यांशी फिजिओथेरपिस्ट बोलले. दुखण्याबद्दल काय वाटतं, कशाची भीती वाटते, कोणतं काम अडलंय, हे विचारलं आणि हळूहळू कामाला लागण्याचं वेळापत्रक ठरवून दिलं. वर्षभराने रोजच्या कामांतल्या अडचणी मोजणाऱ्या 24 अंकांच्या मापावर दोन्ही गटांची सुधारणा सारखीच भरली, सरासरी 8.8 अंक.

मला हा निष्कर्ष मोठा वाटतो. नीट विचारपूस करून, तपासून, समजावून सांगणं हाही उपचारच आहे, आणि अनुभवी हातांच्या कौशल्याइतका तो उतरला. आपल्याकडे रुग्णही त्याला उपचार मानत नाही आणि बिलातही तो दिसत नाही. ‘काही केलंच नाही, नुसतं बोलले’ असं म्हणत लोक दुसरीकडे जातात. म्हणून चांगल्या फिजिओथेरपिस्टलाही मशीन लावून दाखवावं लागतं.

गैरसमज : जितकी सत्रं जास्त, तितका गुण जास्त.

वस्तुस्थिती : कील विद्यापीठाचं नाव जगभर झालं ते या प्रश्नामुळे. हिल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. नाव ‘स्टार्ट बॅक’. पहिले चार प्रश्न शरीराचे : गेल्या दोन आठवड्यांत दुखणं पायात उतरलं का, मान किंवा खांदाही दुखला का, चालणं कमी झालं का, कपडे घालायला नेहमीपेक्षा वेळ लागतो का. पुढचे पाच मनाचे : माझ्यासारख्याने हालचाल करणं धोक्याचं आहे असं वाटतं का, मनात सतत काळजीचे विचार येतात का, हे दुखणं भयंकर आहे आणि कधीच बरं होणार नाही असं वाटतं का, पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात आता वाटेनासा झालाय का, आणि एकूण त्रास किती आहे. भरायला दोन-चार मिनिटं पुरतात. एकूण तीन किंवा कमी गुण आले तर धोका कमी. चार किंवा जास्त आले, आणि त्यातले चार तरी मनाच्या प्रश्नांतून आले, तर दुखणं चिवट होण्याचा धोका मोठा. बाकीचे मधल्या गटात.

त्यावर आधारलेला प्रयोग 2011 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. इंग्लंडमधल्या दहा दवाखान्यांतले 851 रुग्ण. नव्या पद्धतीच्या गटात कमी धोक्याच्या माणसाला एकच भेट : तपासणी, धीर, माहितीची पुस्तिका आणि एक चित्रफीत. पुढची सत्रं नाहीत. मधल्या गटाला नेहमीची फिजिओथेरपी. मोठ्या धोक्याच्या गटाला भीती आणि निराशा यांच्याशी कसं वागायचं याचं खास शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट. तुलनेच्या गटात मात्र पुढे किती आणि काय द्यायचं हे फिजिओथेरपिस्ट नेहमीप्रमाणे आपल्या अंदाजाने ठरवत होते. वर्षअखेर त्याच 24 अंकांच्या मापावर नव्या पद्धतीच्या रुग्णांच्या अडचणी सरासरी 4.3 अंकांनी कमी झाल्या, जुन्या पद्धतीत 3.3 अंकांनी. खर्चही कमी आला : माणशी सुमारे 240 पौंड, जुन्या पद्धतीत 274.

फरक डोळे दिपवणारा नाही. पण ज्याला एका भेटीत भागत होतं त्याला एकाच भेटीत सोडून त्याचं काही बिघडलं नाही, आणि वाचलेला वेळ जास्त गरजेच्या माणसाला देता आला. पुढे 922 रुग्णांच्या अभ्यासात हीच पद्धत रोजच्या कामकाजात आणून पाहिली, तेव्हा कंबरदुखीपायी बुडणारे कामाचे दिवस सरासरी आठावरून चारावर आले. आपल्याकडे दहा-दहा सत्रांची पॅकेजं पहिल्याच दिवशी, कधी तपासणीही पुरी होण्याआधी, विकली जातात. दुखणं कोणत्या जातीचं आहे हे न पाहता सगळ्यांना एकच माप लावणं चुकीचं आहे, आणि हे मी स्पष्टच म्हणतो.

गैरसमज : मनाबद्दल विचारलं, म्हणजे दुखणं खोटं ठरवलं.

वस्तुस्थिती : उलट आहे. मनाचे प्रश्न विचारले जातात ते दुखणं खरं धरूनच. हलल्याने मणका मोडेल अशी भीती बसलेला माणूस हलत नाही आणि न हलल्याने दुखणं चिवट होतं. त्या भीतीवर इलाज आहे, म्हणून तर ती शोधायची.

गैरसमज : एकदा प्रयोग यशस्वी झाला की तो कुठेही नेऊन लावता येतो.

वस्तुस्थिती : हीच पद्धत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या दवाखान्यांत नेली गेली. 2018 मध्ये आलेल्या निष्कर्षात रुग्णांच्या प्रकृतीत काही फरक दिसला नाही. प्रश्नावली हातात आली तरी प्रत्यक्ष उपचार फारसे बदललेच नव्हते. मग कीलच्याच गटाने मान, खांदा, गुडघा अशा इतर दुखण्यांसाठी तशीच पद्धत तयार केली आणि 24 दवाखान्यांतल्या 1,211 रुग्णांवर तिची चाचणी घेतली. 2022 मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की दुखणं कमी होण्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही.

आपल्याच कल्पनेला अपयश आलं हे तितक्याच ठळकपणे छापणाऱ्या संशोधकांबद्दल मला आदर वाटतो. त्यांच्या आधीच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवावासा वाटतो तो त्यामुळेच. आणि आपल्याकडच्यांसाठी यात धडा आहे : नुसता कागद भाषांतरित करून आणला तर काही होणार नाही. त्यामागची माणसं तयार करावी लागतील.

गैरसमज : फिजिओथेरपी ऑपरेशन, फ्रॅक्चर किंवा लकव्यानंतरच, तीही डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच.

वस्तुस्थिती : हा समज आपल्याकडे का रुजला ते समजण्यासारखं आहे. मुंबईत हे शिक्षण 1950च्या दशकात केईएम रुग्णालयात सुरू झालं ते पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर. त्यामुळे लुळ्या पडलेल्या हातापायांशी त्याचं नातं जुनं. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकाच्या अखेरीपासून फिजिओथेरपिस्ट स्वतः निदान करून उपचार ठरवू शकतो. कीलच्या गटाने डॉक्टरला न भेटता थेट फिजिओथेरपिस्टकडे जाण्याची सोय काही दवाखान्यांत प्राथमिक स्वरूपात करून पाहिली, आणि त्यात रुग्णांना अपाय झाल्याची नोंद झाली नाही. आता इंग्लंडमधल्या अनेक दवाखान्यांत पाठ किंवा खांदा दुखत असेल तर पहिली भेट फिजिओथेरपिस्टशीच होते, आणि 2020 पासून त्यासाठी सरकारी निधीही मिळतो.

मात्र पहिला तपासणारा माणूस धोक्याची चिन्हं ओळखणारा हवा. ही सोय चालते ती तशा प्रशिक्षणामुळे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका. तपासणीआधीच मशीन लावायला निघालेल्या ठिकाणाहून सरळ उठून या.

आणि एवढं पाठ करून ठेवा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर शेक नको, व्यायाम नको, उद्याची वाटही नको. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, कारणाशिवाय घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं असेल, तर डॉक्टरची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.