दुपारी जाणारं नेट

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात माधवनगर येतं. बुधगावच्या पटवर्धन संस्थानिकांच्या काळात वसलेली ही व्यापारी पेठ. पुढे इथे कापडगिरणी आली, यंत्रमाग आले. आज गल्लीत उभं राहून मान वर केली तर तारांचे थर दिसतात. सर्वांत वर महावितरणच्या तारा, त्याखाली टीव्हीची जाड काळी केबल आणि तिच्याच आधाराने ओढलेली बारीक फायबर. घरोघरचं नेट या खालच्या तारांतून येतं. ते बिघडलं की दुरुस्त करणाऱ्या माणसाची विद्या कुठे लिहून ठेवलेली नाही. ती नीट समजून घ्यावी इतकी खोल आहे, असं माझं ठाम मत आहे.

पूर्ण बंद पडलेलं नेट हा या कामातला सोपा भाग. तार तुटलेली असते, ती दिसते, जोडली की झालं. खरी परीक्षा जाणाऱ्या-येणाऱ्या नेटची. केबलवाला दारात येईपर्यंत ते सुरू झालेलं असतं, तो गाडीला किक मारून गेला की पुन्हा जातं. घरच्यांना वाटतं, हा टाळतोय. त्याला वाटतं, यांचा मोबाईलच खराब असेल. दोघांच्या मध्ये कुठेतरी एक सैल जोड असतो आणि तो दोघांनाही दिसत नाही.

हे जाळं कसं वाढलं ते आधी पाहायला हवं, कारण आजचे निम्मे बिघाड त्या वाढीतून आलेले आहेत. १९९१ च्या आखाती युद्धाचं थेट चित्रण आणि १९९२ मध्ये सुरू झालेलं झी टीव्ही यांनी केबलचा धंदा देशभर पसरवला. गच्चीवर तबकडी लावायची, कोएक्स म्हणजे ती जाड काळी तार ओढायची, ठराविक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवायचा, की गल्ली जोडली गेली. कायदा नंतर आला, १९९५ मध्ये. ही सारी व्यवस्था एकमार्गी होती. सिग्नल केबलवाल्याकडून घराकडे जायचा, घराकडून परत काही यायचं नाही. इंटरनेटला मात्र परतीची वाट लागते. त्यासाठी केबल मोडेमचं डॉक्सिस हे मानक १९९७ मध्ये आलं. पण ते वापरायचं तर वाटेतला प्रत्येक ॲम्प्लिफायर दुतर्फा करावा लागतो. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी तो खर्च केला. लहान गावांतल्या अनेक केबलवाल्यांनी दुसरी युक्ती काढली. टीव्हीच्या तारेशेजारून सरळ संगणकाची लॅन केबल ओढली.

लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे मध्ये स्विच बसवावा लागतो आणि स्विचला वीज लागते. ती कुणाच्या तरी घरातून, गॅलरीतल्या प्लगमधून घेतली जायची. त्या घरच्यांनी गावाला जाताना मेन स्विच बंद केला की पुढच्या साऱ्या घरांचं नेट जायचं आणि कारण कुणालाच कळायचं नाही. भारनियमनाच्या वर्षांत तर आपल्या गल्लीत लाईट असूनही नेट नसायचं, कारण मागच्या गल्लीतली लाईट गेलेली असायची. वळवाच्या पावसात वीज कडाडली की ओळीने स्विचचे पोर्ट जळायचे. तरी केबलचं काम करणाऱ्या मुलांनी अशा तारांवरून गावोगाव नेट पोचवलं. २००४ च्या राष्ट्रीय धोरणात ब्रॉडबँडची किमान गती २५६ केबीपीएस ठरली होती आणि तेवढीसुद्धा मिळाली तर लोक खूश असायचे. त्या काळातल्या या कामाचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

जिथे कोएक्सवरच नेट आलं तिथे त्रास वेगळा. परतीच्या वाटेला खालच्या फ्रिक्वेन्सी दिलेल्या असतात, साधारण ५ मेगाहर्ट्‌झपासून पुढच्या. मोटारींच्या ठिणग्या, दिव्यांच्या बटणांची उघडझाप, खराब चोक यांचा विद्युत गोंगाट नेमका याच पट्ट्यात असतो. एखाद्या घरात टीव्हीमागचा कनेक्टर सैल असला की तो गोंगाट तारेत शिरतो. पुढे तर सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र होऊन केबलवाल्याच्या यंत्राकडे जातो. म्हणजे बिघाड एका घरात आणि त्रास साऱ्या गल्लीला. अशा वेळी लाईनमन गल्लीच्या टोकापासून एकेक फांदी सोडवत जातो आणि कोणती काढल्यावर गोंगाट थांबला ते बघतो. मी पाहिलेल्या शोधकामांत इतकी शिस्त फार थोड्या ठिकाणी आहे.

आता वेळेकडे येऊ. लाईनमनचा पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसतो, ‘कधी जातं’ हा असतो. निदान चांगल्या लाईनमनचा तरी. दुपारी बारा ते चार या वेळात नेट जात असेल तर उन्हाचा संशय. कोएक्स तारेतला तोटा तापमानाबरोबर वाढतो, दर १० अंश सेल्सिअसला साधारण २ टक्के. हा फरक एकटा नेट पाडत नाही. पण तारेचं तांबं उन्हात प्रसरण पावतं, रात्री आकुंचन पावतं, आणि आधीच सैल असलेला जोड त्या ओढाताणीत सुटतो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला स्विचही याच वेळी तापून अडखळतो. पावसात जात असेल तर जोडात पाणी शिरलेलं असतं, आणि पाऊस थांबल्यावरही ते एक-दोन दिवस वाळत नाही. रात्री आठ ते अकरा या वेळात नेट तुटत नसेल, फक्त मंदावत असेल, तर तार ठणठणीत आहे. ती गर्दी आहे. एकाच तारेवर अनेक घरं जोडणाऱ्या ईपॉन पद्धतीच्या फायबरवर केबलवाल्याच्या यंत्राच्या एका पोर्टला १.२५ जीबीपीएसची वाट असते आणि तिच्यावर ६४ घरांपर्यंत जोडता येतात. प्रत्येकाला १०० एमबीपीएसचा प्लॅन विकला तर विक्री ६.४ जीबीपीएसची होते. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत या हिशोबावर धंदा चालतो, आणि क्रिकेटचा मोठा सामना असला की तो हिशोब कोलमडतो. त्यावर उपाय म्हणजे केबलवाल्याने एका पोर्टवर कमी घरं ठेवणं आणि पुढून जास्त बँडविड्थ घेणं. तारा बदलून उपयोग नाही, आणि हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं.

फायबर आल्यावर पुष्कळ काही बदललं. फायबरची काच विजेने जळत नाही, गोंगाट ओढून घेत नाही, आणि केबलवाल्यापासून घरापर्यंत मध्ये कुठे वीजही लागत नाही. पण काचेचेही हट्ट आहेत. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याची जाडी साधारण ९ मायक्रॉन असते. कनेक्टरच्या टोकावर बोटाचा तेलकट डाग लागला तरी प्रकाश अडतो. कपाटामागे तार करकचून वाकवली तर तो बाहेर गळतो. लाईनमनच्या खिशात एक छोटा पॉवर मीटर असतो. घरात आलेला प्रकाश किती, हे तो डीबीएममध्ये सांगतो. ‘लाईट मायनस एकोणीस आहे, चांगली आहे’ असं तो म्हणतो तेव्हा त्यामागे सरळ हिशोब असतो. केबलवाल्याच्या यंत्रातून प्रकाश अधिक ४ च्या आसपास निघतो. वाटेत एकाचे आठ करणारा स्प्लिटर लागला की साधारण १०.५ डीबी कमी होतात. असे दोन लागले की २१. तारेचे आणि कनेक्टरचे मिळून आणखी दोनेक. उरले उणे १९. घरात हा प्रकाश घेणाऱ्या डबीला उणे २७ पर्यंत वाचता येतं. प्रत्येक ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात घेतलं तर मीटरवर उणे २६ दिसणारं घर किती काठावर उभं आहे ते समजतं. त्या घरी आज नेट चालू असतं आणि पहिल्या पावसात जातं. ‘चालू आहे ना’ म्हणून अशा घरातून परतणारा लाईनमन काम अर्धं ठेवून जातो. आकडा बघून, टोक पुसून, गरज पडली तर जोड नव्याने करून जाणारा तोच खरा कारागीर.

जोड करणं हेही पाहण्यासारखं काम आहे. फायबर सोलायची, स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने काटकोनात कापायची आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. मशीन सूक्ष्मदर्शकातून ती जुळवतं आणि विजेच्या ठिणगीने काच वितळवून एक करतं. चांगल्या जोडात ०.१ डीबीपेक्षा कमी तोटा होतो. हे बहुधा रस्त्याच्या कडेला, गाडीच्या सीटवर, धुळीत आणि वाऱ्यात चालतं. शिडीवर उभं राहून, शेजारी विजेच्या तारा असताना चालतं. या कामाला हेल्मेट आणि पट्टा हवाच. ते न देणाऱ्या मालकाला मी दोष देईन.

घरातलं निदान मात्र घरच्यांनाही करता येतं. फोनवरचं संभाषण ठरलेलं असतं. ‘काकू, डबीवर लाल लाईट लागलीय का?’ लाल लागली असेल तर प्रकाश पोचत नाही आणि बिघाड बहुधा बाहेर आहे. लाल नाही, पण डबी मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते, तर पहिला संशय अडॅप्टरवर. बारा व्होल्टचा स्वस्त अडॅप्टर जुना झाला की तापतो, व्होल्टेज सोडतो आणि डबी रीस्टार्ट होते. सगळे दिवे नीट आहेत तरी मोबाईलवर नेट अडकतं, तर लॅपटॉप तारेने थेट राऊटरला जोडून बघायचा. तारेवर नेट सुरळीत असेल तर भांडण वायफायचं आहे, केबलवाल्याचं नाही. जुन्या घरांच्या जाड भिंती, लोखंडी कपाटामागे लपवलेला राऊटर, शेजारपाजारच्या राऊटरांची गर्दी. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. राऊटर मधल्या खोलीत उंचावर ठेवला आणि जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्‌झवर नेलं तर बरीच तक्रार तिथेच संपते. राऊटर बदलायची घाई सगळ्यांना असते, ग्राहकालाही आणि केबलवाल्यालाही. बिघाड जोडात असेल तर नवा राऊटर काही करू शकत नाही.

बाहेरचे शत्रू या भागाचे स्वतःचे आहेत. साखर कारखाने सुरू झाले की उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यांवर येतात आणि लोंबणारी तार सोबत घेऊन जातात. गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाची पोरं बांबूने तारा उचलून धरतात, त्यात फायबर पिळवटते. खांबांची डागडुजी निघाली की त्यावरच्या तारा उतरवाव्या लागतात. तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. ते तारेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर मोजून दाखवतं. पण यंत्राने ४१० मीटर सांगितलं तरी ते ४१० मीटर कुठल्या गल्लीतून, कुठल्या खांबावरून वळून जातात, हे लाईनमनलाच ठाऊक असतं. बऱ्याच ठिकाणी लाईनचा नकाशा कागदावर नसतोच. पंधरा-वीस वर्षं खांब चढणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात सगळं गाव असतं. तो दुसरीकडे गेला, आजारी पडला, की नव्या मुलाला प्रत्येक जोड पहिल्यापासून शोधावा लागतो. प्रत्येक केबलवाल्याने खांबावरच्या जोडाच्या डब्याला नंबर द्यावा, कुठल्या स्प्लिटरवर कोणतं घर आहे ते वहीत लिहावं, आणि कनेक्शन दिलं त्या दिवशीचा लाईटचा आकडा त्याच पानावर नोंदवावा. सहा महिन्यांनी उणे १९ चे उणे २४ झाले आहेत हे दिसलं, तर दुरुस्ती पावसाच्या आधी करता येईल. आणि ग्राहकांनी नेट गेल्याची वेळ लिहून ठेवावी, घरातल्या कॅलेंडरवर का होईना. लाईनमन आला की आधी त्याला ते पान दाखवावं.