हीटरची झिजलेली वायर

मुलांनो, नागपूर म्हटले की लोकांना कडक ऊन आठवते. पण आपल्या शहरात थंडीही कमी पडत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा दिवसांत अनेक घरांत माळ्यावरचा हीटर खाली उतरतो. वर्षभर त्याची वायर घट्ट गुंडाळून ठेवलेली असते. हीटर पुसला जातो. वायरकडे मात्र कोणी पाहत नाही.

मीही पाहिले नव्हते. आमच्या हीटरची वायर प्लगजवळ तडकली, तेव्हा मी तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि काम झाले असे समजलो. एका पहाटे अम्मी वुजू करून आल्या. हात ओलेच होते. हीटर जरा सरकवावा म्हणून त्यांनी त्याच्या पत्र्याला हात लावला आणि किंचाळून त्या मागे पडल्या. मी धावत जाऊन खटका बंद केला. सुदैवाने अम्मींचा जीव वाचला. पण त्यांचा हात दिवसभर सुन्न होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी चिकटपट्टी सोडवली. ती उष्णतेने मऊ पडली होती आणि आतली हिरवी तार तुटलेली होती. वायर जेथे हीटरच्या आत शिरते, तेथील रबराची कडीही निघून गेली होती. पत्र्याच्या कडेला घासून आणखी एका तारेचे आवरण फाटले होते. ती तार पत्र्याला टेकत होती.

आता हे नीट समजून घ्या. हीटरच्या वायरमध्ये तीन तारा असतात. तपकिरी किंवा लाल तार वीजयुक्त, निळी किंवा काळी तटस्थ, आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी भूसंपर्क तार. भूसंपर्क तार हीटरच्या पत्र्याला जोडलेली असते. पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती या तारेने जमिनीकडे जाते आणि वितळतार वितळून प्रवाह बंद पडतो. आमच्याकडे हीच तार तुटली होती. म्हणून विजेला अम्मींच्या शरीरातून वाट मिळाली.

पण तार तुटते कशी? प्रत्येक तार म्हणजे तांब्याच्या बारीक धाग्यांची जुडी असते. वायर एकाच जागी वारंवार वाकली की एकेक धागा तुटतो. कोराडी, खापरखेड्याच्या केंद्रांत कोळसा जाळून तयार होणारी वीज घरात येते, तेव्हा तिचा दाब २३० व्होल्ट असतो. २००० वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर विद्युतधारा घेतो. ६० वॅटच्या बल्बला पाव अँपिअरच्या आसपास पुरते! एवढी धारा उरलेल्या मोजक्या धाग्यांतून गेली की त्या जागी रोध वाढतो आणि वायर तापते. चिकटपट्टीने फाटके आवरण झाकले जाते, तुटलेले धागे जुळत नाहीत. प्लग गरम लागणे, जळका वास येणे, आवरण तपकिरी होणे, या खुणा ओळखायला शिका.

दुरुस्तीचे काम तुम्ही स्वतः करू नका. घरी मिस्त्री आले की शेजारी बसून मात्र जरूर पाहा. आधी हीटर थंड होऊ द्यायचा आणि प्लग सॉकेटमधून काढायचा. नुसता खटका बंद करून चालत नाही. काही घरांत खटका चुकून तटस्थ तारेवर बसवलेला असतो. मग तो बंद केला तरी आत वीज राहते.

वायर फक्त प्लगजवळ खराब असेल, तर तेवढा भाग कापून प्लग पुन्हा जोडता येतो. कापल्यावर तांबे चकाकले पाहिजे. काळे दिसले तर आणखी कापावे. मध्येच किंवा हीटरजवळ झिजली असेल, तर संपूर्ण वायर बदलावी. मिस्त्रींनी आमच्याकडे तेच केले. त्यांनी तांब्याची, तीन तारांची, दीड चौरस मिलिमीटर जाडीची, आय.एस.आय. चिन्ह असलेली वायर आणली. सोबत १६ अँपिअरचा प्लग. लहान ६ अँपिअरचा प्लग या हीटरला पुरत नाही.

हिरवी तार प्लगच्या सर्वांत जाड पिनला जोडतात. ती इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवतात, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटते. धागे पिळून स्क्रूखाली घट्ट बसवायचे, एकही बाहेर डोकावता कामा नये. प्लगमधली पट्टी वायरच्या बाहेरच्या आवरणावर आवळायची. हीटरच्या आत तारांवर उष्णता सोसणारी नळी चढवायची आणि भोकात रबराची नवी कडी बसवायची. ही कडी अगदी स्वस्त असते. आमच्या घरी ती नसल्यानेच एवढा घोळ झाला.

शेवटी मिस्त्रींनी मीटर लावला. जाड पिन आणि पत्रा यांमध्ये रोध जवळजवळ शून्य. जाड पिन आणि बाकीच्या पिना यांमध्ये काहीच जोड नाही. हीटरचे बटण चालू ठेवून दोन लहान पिनांमध्ये मोजले, तर सुमारे २६ ओहम. २३० ला ८.७ ने भागून पाहा.

मग हीटर पंधरा मिनिटे चालवला. प्लग काढून मिस्त्रींनी तो अम्मींच्या हातात दिला. तो गार होता.

ती जुनी वायर मी शाळेत नेली. मुले भिंगातून तिच्यातले तुटलेले धागे मोजतात. दोघांचे उत्तर अजून एकदाही सारखे आलेले नाही.