उस्तादाची नजर टिपणारे यंत्र

कसलेला कारागीर शागिर्दाला सांगतो, "बघून शीक." पण नेमके कुठे आणि केव्हा बघायचे, हे त्यालाही शब्दांत सांगता येत नाही. विक्रोळी पार्कसाईटच्या शिलाई कारखान्यातील मास्तर असो वा जरीकाम करणारा, हुनर हातात असते असे आपण धरून चालतो. त्यातला बराच हिस्सा डोळ्यांत असतो, आणि तो मोजणारे यंत्र आता निघाले आहे. आमच्या कारागीर बांधवांना त्याची माहिती असावी म्हणून हा लेख.

यंत्राची रीत साधी आहे. डोळ्यांवर न दिसणारे अवरक्त किरण सोडतात. त्यांचा चमकता ठिपका आणि डोळ्याची बाहुली यांतील अंतर कॅमेरा सेकंदाला कित्येकदा टिपतो. त्यावरून नजर कुठे आहे ते कळते. हे सारे चष्म्याच्या चौकटीत मावते.

इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातील मायकेल लँड व सहकाऱ्यांनी १९९९ साली चहा करणाऱ्यांची नजर टिपली. हात पोहोचण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी नजर किटलीवर, कपावर पोहोचलेली असे. कामाशी संबंध नसलेल्या वस्तूंकडे ती क्वचितच वळली. आपल्या जवळच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही २०१५ च्या सुमारास रसायनशास्त्रातले जाणकार आणि नवखे आलेख व समीकरणे कशी पाहतात, हे याच पद्धतीने अभ्यासले गेले.

मोठ्या कंपन्या वेष्टन आणि मालाची मांडणी ठरवताना हे तंत्र वापरतात. दुकानदारांनी त्याने दबून जाऊ नये. गिऱ्हाइकाची नजर कुठे थांबली एवढेच यंत्र सांगते. माल आवडला म्हणून थांबली की किंमत सापडेना म्हणून, ते सांगत नाही. गल्ल्यावरचा माणूस ते विचारून घेतो!

कारागिरांचा प्रश्न मात्र गंभीर आहे. उस्तादाची नजर एकदा नोंदली गेली की ती शिकवणीला वापरता येईल, यंत्र बनवायलाही. म्हणून चष्मा चढवण्याआधी विचारावे: नोंद कोणाकडे राहणार, कशासाठी, आणि बसलेल्या वेळेची मजुरी किती? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठी किंवा उर्दूतही मिळण्याची तरतूद आहे. संशोधनाला त्यात काही सूट आहे, तेव्हा समोरचा आपणहून कागद देईल याची वाट न पाहता तो मागून घ्यावा.