मांजराला उपाशी ठेवून मांसाची सवय लावू नका

दूध-पोळीवर मांजराचे पोषण होत नाही. टॉरिन हे आवश्यक द्रव्य त्याला मुख्यतः मांस-मासळीतून मिळते; ते कमी पडल्यास डोळे व हृदय बिघडते. पण मांजर खोडकर असले, तरी ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासाने चरबी यकृतात साठते व लठ्ठ मांजर दगावू शकते. नेहमीच्या खाण्यात चमचाभर मांस मिसळावे, आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे. कच्च्या मांसातून साल्मोनेला, बर्ड फ्लू यांचे जंतू येऊ शकतात. म्हणून बिनहाडाचे मांस, मीठ-मसाला न घालता, शिजवून त्याच्या पाण्यासकट कोमट द्यावे. दिवसभर काहीच न खाल्ल्यास पशुवैद्यकांना दाखवावे.