एकाच देहाचे दोन दाखले

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल नावाचं गाव आहे. शिसं आणि जस्त वितळवणाऱ्या मोठ्या कारखान्याचं गाव. 1917 साली तिथला एक तीस वर्षांचा कामगार सक्तीच्या लष्करभरतीसाठी डॉक्टरांपुढे उभा राहिला. तांबूस केस, किरकोळ अंगकाठी, खाणीत खालावलेली तब्येत, किडलेले दात. शेरा पडला : 'डी' वर्ग, तूर्त अपात्र. मग नोव्हेंबरात याच माणसाच्या पुढारपणाखाली आठ तासांच्या दिवसासाठी कारखान्यात संप झाला. दोन आठवडे उलटायच्या आत त्याला पुन्हा तपासणीला बोलावलं. आता शेरा 'ए' वर्ग, म्हणजे रणांगणावर पाठवायला लायक! तब्येत तीच, दातही तेच.

त्याचं नाव आल्बर्ट गुडविन. केसांच्या रंगामुळे सगळे त्याला 'जिंजर' म्हणत.

जन्म 1887चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या ट्रीटनचा. पोरवयातच तो खाणीत उतरला. 1906मध्ये पोटासाठी समुद्र ओलांडून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियातल्या ग्लेस बे इथे गेला. तिथेही कोळसाच. 1909च्या जुलैत तिथे युनियनच्या मान्यतेसाठी संप झाला, तेव्हा कंपनीने आपल्या मालकीच्या चाळीवजा घरांतून कामगारांची कुटुंबं बाहेर काढली. नोव्हा स्कोशियाच्या हिवाळ्यात बायकापोरं तंबूत राहिली. संप फसला. गुडविन पश्चिमेकडे सरकत सरकत व्हँकूव्हर बेटावरच्या कंबरलँडला पोचला.

कंबरलँड समजून घेतल्याशिवाय हा माणूस समजत नाही. तिथल्या खाणींत वायू फार. 1901च्या एकाच स्फोटात 64 माणसं गेली होती. गोरे, चिनी, जपानी असे सगळे तिथे राबत, पण चिनी कामगाराच्या हाती गोऱ्यापेक्षा कितीतरी कमी मजुरी पडे. गुडविन खाणीत खेचरं हाकायचा. अंधाऱ्या बोगद्यातून कोळशाच्या गाड्या ओढणारं जनावर सांभाळायचं, हे त्याचं काम. वर उजेडात आला की फुटबॉल; गावच्या संघाचा तो चांगला खेळाडू होता.

खाणीत वायू आहे का, हे कामगारांच्या समितीने तपासून कळवावं, अशी कायद्यात सोय होती. ऑस्कर मॉटिशॉ नावाच्या कामगाराने दुसऱ्या एका खाणीत वायू असल्याचं कळवलं आणि त्याची रोजी गेली. तो कंबरलँडला आला, तर तिथूनही त्याला काढलं. सप्टेंबर 1912मध्ये सोबत्यांनी निषेधाचा एक दिवस पाळला. कंपनीने खाणीच त्यांना बंद केल्या. जीव वाचवणारी खबर देणं हाच गुन्हा ठरला, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त डाचतं. लढा बेटभर पसरला, 1913मध्ये सैन्य आलं, आणि 1914च्या ऑगस्टमध्ये तो मोडला. गुडविनचं नाव काळ्या यादीत गेलं.

तोवर तो सोशलिस्ट पार्टी ऑफ कॅनडाचा पक्का कार्यकर्ता झाला होता. पक्षाच्या 'वेस्टर्न क्लॅरियन'मध्ये लिहायचा. मालकांच्या नफ्यासाठी एका देशाच्या कामगाराने दुसऱ्या देशाच्या कामगाराला मारू नये, हे त्याचं ठाम मत होतं. पुढे तो ट्रेलला गेला. तिथे 1916 साली त्याने प्रांतिक निवडणूक लढवली आणि तिसरा आला. युनियनचा सचिव झाला, प्रांताच्या कामगार महासंघाचा उपाध्यक्षही झाला. जस्त तोफगोळ्यांना लागत होतं; त्या काळात या माणसाचा शब्द किती जड होता, ते यावरून कळावं.

दुसऱ्या शेऱ्याविरुद्धचं अपील 1918च्या वसंतात फेटाळलं गेलं. गुडविन हजर झाला नाही. तो कंबरलँडला परतला आणि कोमॉक्स तळ्याजवळच्या रानात लपला. भरती चुकवणारे आणखीही काही जण तिथे होते. गावकरी गुपचूप अन्न पोचवत. त्याचा जिवलग सोबती जो नेलर हाही इंग्लंडहून आलेला खाणकामगार आणि समाजवादी होता.

27 जुलै 1918. पोलिसांच्या शोधपथकातला डॅन कॅम्पबेल त्याच्यासमोर आला. एकच गोळी सुटली आणि मानेत लागली. स्वसंरक्षणासाठी झाडली, असं कॅम्पबेल म्हणाला. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, पण ग्रँड ज्युरीने खटलाच चालू दिला नाही.

2 ऑगस्टला कंबरलँडमध्ये अंत्ययात्रा निघाली. तिची रांग मैलभर लांब होती. त्याच दुपारी व्हँकूव्हरमध्ये चोवीस तासांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, कॅनडातला असा पहिलाच. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या जमावाने तिथल्या 'लेबर टेंपल' या कामगार भवनावर हल्ला केला आणि व्हिक्टर मिजली या कामगार नेत्याला ब्रिटिश झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं.

पुढे सरकारलाही त्याच्या नावाचं काय करावं, ते ठरवता येईना. 1996मध्ये कंबरलँडजवळच्या महामार्गाच्या एका तुकड्याला 'जिंजर गुडविन वे' नाव दिलं. 2001मध्ये सत्ता बदलली आणि पाट्या उतरवल्या. 2018मध्ये, मृत्यूच्या शंभराव्या वर्षी, त्या पुन्हा लागल्या.

गावाने मात्र कधी पाटीची वाट पाहिली नाही. दर जूनमध्ये खाणकामगारांच्या स्मृतिदिनाला लोक त्याच्या कबरीवर फुलं वाहतात. ओबडधोबड दगडावर विळा-हातोडा आणि 'कामगारांचा मित्र' ही अक्षरं कोरलेली आहेत. मृत्यूची तारीख 26 जुलै अशी, एक दिवस चुकलेली. शेजारीच जो नेलर आहे. 1946मध्ये तो गेला, तेव्हा त्याला इथेच पुरलं.