रोजचा अध्याय आणि हक्कसोडपत्र

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी संध्याकाळी हरिपाठ होतो, कुणाकडे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय नेमानं वाचला जातो. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतही तशीच रीत आहे. रात्रीची जेवणं आटोपली, ओटा आवरला की सगळ्यांनी एकत्र बसायचं. एकानं बायबलमधला एक अध्याय मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं प्रार्थना करायची. आता कुणाची सेकंड शिफ्ट असते, कुणाचा क्लास असतो, त्यामुळे रोज सगळे जमतातच असं नाही. मग घरातली बाई एकटी वाचते. कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात कुणी मोबाइलवर अध्याय वाचत असते आणि तिच्या शेजारची हरिपाठ पुटपुटत असते. दोघी एकमेकींना जागा देतात, आपापलं वाचतात आणि ठाण्याला उतरतात.

गेली बरीच वर्षं मी कल्याण-डोंबिवलीत बचत गटांचं आणि महिला मंडळाचं काम करते आहे. आमच्यातल्या बायका एक प्रश्न वारंवार विचारतात. ‘‘ताई, शास्त्रातच नवऱ्याच्या, वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहायला सांगितलंय. मग आपण तोंड उघडायचं तरी कसं?’’ प्रश्न विचारणारी श्रद्धाळू असते. तिला देवाला दुखवायचं नसतं आणि घरात होणारा अन्यायही सोसवत नसतो. असा प्रश्न फक्त ख्रिस्ती बायकांनाच पडतो असं नाही. पोथीचं नाव बदलतं, प्रश्न तोच राहतो.

आमच्या गटातल्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. कल्याण पूर्वेला तिच्या वडिलांच्या चाळीत दोन खोल्या. वडील मृत्युपत्र न करताच गेले. पुढे चाळ पाडून इमारत बांधायची ठरली आणि भाऊ कागद घेऊन आले, हक्कसोडपत्राचा. ‘‘तुझं लग्न करून दिलं, आता इथं सही कर,’’ असं म्हणाले. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं तर तिला शास्त्रातली वचनंच ऐकवली. नम्र राहा, आज्ञेत राहा, पैशाचा लोभ धरू नकोस.

ही बाई बायबल ओळीनं वाचणारी. रोज एक अध्याय, वगळायचं काही नाही. त्या आठवड्यात तिचं ‘गणना’ हे पुस्तक चाललं होतं. त्यात नावांच्या आणि आकड्यांच्या याद्याच फार, त्यामुळे पुष्कळ जण ते गाळून पुढे जातात. पण सत्ताविसाव्या अध्यायात पाच बहिणी भेटतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारलेला, भाऊ नाही. त्या मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या पंचमंडळीपुढे जाऊन उभ्या राहतात आणि सरळ विचारतात, की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं? आम्हाला आमचा वाटा द्या. मोशे देवाला विचारतो आणि देव सांगतो की मुलींचं म्हणणं बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती हेच सांगत. ‘‘ताई, पोरींनी हक्क मागितला म्हणून देव रागावला नाही की हो!’’

आता कुणी म्हणेल, त्या बहिणींना भाऊ नव्हता, हिला तर आहेत. खरं आहे. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात कुळातली मंडळी तक्रार घेऊन येतात आणि या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट पडते, हेही खरं. बायबल हे फार जुन्या काळातलं पुस्तक आहे. त्यात त्या काळातल्या पुरुषांची सत्ता जागोजागी दिसते, ती नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यात आज्ञा मोडणाऱ्या बायकाही आहेत आणि त्यांची नावं जपून ठेवलेली आहेत, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

‘निर्गम’च्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्री बाईला मुलगा झाला तर त्याला मारून टाका, असा राजा फारोचा हुकूम. त्या देवाला भिणाऱ्या होत्या, म्हणून त्यांनी राजाचं ऐकलं नाही. ‘एस्तेर’ या पुस्तकात वश्ती राणी आहे. दारू प्यालेला राजा तिला दरबारात येऊन आपलं रूप दाखवायला सांगतो. ती जात नाही. मग मंत्र्यांना धास्ती पडते, की हे ऐकून देशातल्या सगळ्याच बायका नवऱ्याला जुमानणार नाहीत! राणीचं पद जातं आणि प्रत्येक पुरुषानं आपल्या घरात सत्ता चालवावी असं फर्मान राज्यभर निघतं. मार्कच्या सातव्या अध्यायात एक परकी बाई आजारी लेकीसाठी येशूकडे येते. तो आधी नाही म्हणतो. ती त्याला तिथल्या तिथे उत्तर देते आणि त्या उत्तरामुळेच तिची लेक बरी होते.

आणि ते नवऱ्याच्या आज्ञेचं वचन? ते इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, बाविसाव्या ओळीत आहे. तिच्याच आधीच्या ओळीत सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं सांगितलंय. आणि पंचविसाव्या ओळीत नवऱ्यांना बजावलंय, की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. ऐकवताना मात्र मधली एकच ओळ ऐकवली जाते. म्हणून अख्खा अध्याय आपल्या डोळ्यांनी वाचायला हवा.

आपल्या डोळ्यांनी वाचायची ही सोय बायकांना सहज मिळालेली नाही. बायबलचा नवा करार मराठीत पहिल्यांदा छापला गेला तो १८११ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या छापखान्यात. पण तेव्हा वाचता येणाऱ्या बायका होत्या किती! ठाण्यात मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीजांच्या काळापासूनचं सेंट जॉनचं चर्च आहे. तिथल्या कॅथलिक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा होती, पण चर्चमधली मुख्य उपासना लॅटिनमध्ये चालायची. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर ती लोकांच्या भाषेत आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सोप्या मराठीत ‘सुबोध बायबल’ केलं. ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले.

पण त्यांच्या कितीतरी आधी हे काम एका बाईनं केलं होतं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. धर्म स्वीकारला, म्हणजे आता धर्मगुरू सांगतील ते मुकाट्यानं मानायचं, अशी तिथल्या मंडळींची अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मानली नाही. इथल्या भटभिक्षुकांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवली ती दुसऱ्या जोखडात घालायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईलाही समजावं असा त्यांचा हेतू होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम आश्रमातल्या बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

आमच्या कल्याणशी नातं असलेली आनंदीबाई जोशी यांची गोष्टही इथं सांगायला हवी. त्यांचा जन्म १८६५ मध्ये कल्याणचा. गोपाळरावांनी त्यांच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तेव्हा धर्म बदलण्याची गोष्ट निघाली. ती त्यांनी नाकारली. अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाईंनी भर सभेत सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. ही सभाही श्रीरामपूरलाच झाली! आणि १८८६ मध्ये त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा तो समारंभ पाहायला रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या. एकीनं धर्म बदलला, दुसरीनं बदलला नाही. दोघींनी निर्णय मात्र स्वतः घेतला आणि एकमेकींचं कौतुकही केलं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवरा, म्हणजे रेव्हरंड टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. पतीमागून जाणं हाच तेव्हा बाईचा धर्म समजला जाई. लक्ष्मीबाई लगेच गेल्या नाहीत. काही वर्षं दूर राहिल्या, मग एकत्र राहूनही आपलं सोवळं सांभाळलं, आणि स्वतःला पटलं तेव्हाच बाप्तिस्मा घेतला.

आता आमच्या त्या बाईचं काय झालं ते सांगते. तिनं सही केली नाही. भावांशी भांडलीही नाही. ‘‘वाचून, विचारून सांगते,’’ एवढंच म्हणाली. मी तिला विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन गेले. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुलींना सारखं वाटून मिळतं, हे तिला तिथे कळलं. हिंदू मैत्रिणींनो, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, हेही लक्षात असू द्या.

प्रकरण अजून मिटलेलं नाही. गेल्या नाताळात भावांच्या घरून करंज्यांचा डबा आला नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. तिनं मात्र आपला डबा पाठवला. रात्रीचा अध्याय चालूच आहे आणि प्रार्थनेत भावांची नावं ती अजूनही घेते.

तेव्हा कुणी धर्माच्या नावानं तुम्हाला एखादी आज्ञा ऐकवली, तर नम्रपणे विचारा, ‘‘कुठं लिहिलंय ते दाखवता का?’’ मग मागची-पुढची ओळ वाचा. आणि पुढ्यात कागद ठेवला असेल, तर तोही शेवटपर्यंत वाचा, घरी आणा, वकिलाला दाखवा. सही करायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.