उजवं कोणाचं, शून्य कुठे?

निर्देशकांचा पाया घालणारी देकार्तची भूमिती 1637 साली छापून आली. हाच माणूस अ‍ॅमस्टरडॅमच्या खाटकांकडून जनावरांचे अवयव आणून चिरत बसायचा. म्हणजे निर्देशक आणि शरीररचना एकाच टेबलावर होती. तरी पुढची अडीचशे वर्षं ही दोन शास्त्रं एकमेकांच्या वाटेला फारशी गेली नाहीत.

शरीररचनेला निर्देशकांची गरजही नव्हती. माणूस ताठ उभा, नजर समोर, तळवे पुढे. एवढं ठरलं की ‘नाक कानांच्या मीडियल बाजूला’, म्हणजे मध्यरेषेच्या जास्त जवळ, असं बोलता येतं, मग रोगी पालथा पडलेला का असेना. 1895 साली बाझेलला नावांची छाटणी होऊन पाच हजारांच्या आसपास प्रमाण संज्ञा उरल्या. त्या सगळ्या नात्याच्या भाषेतल्या: कशाच्या वर, कशाच्या मागे. आरंभबिंदू कुठेच नाही.

तो लागला 1908 मध्ये, लंडनच्या हॉर्स्ली आणि क्लार्क यांना. माकडाच्या मेंदूत, न दिसणाऱ्या जागी, सुई नेमकी पोचवायची तर ‘थोडं मागे, थोडं खाली’ चालत नाही. त्यांनी कानाची छिद्रं आणि डोळ्यांच्या खोबणीची खालची कड यांवरून चौकट बसवली आणि मिलिमीटरमध्ये मोजायला सुरुवात केली. माणसावर हे जमायला 1947 उजाडलं, कारण माणसाच्या कवटीवरून आतल्या मेंदूचा अंदाज तितकासा बांधता येत नाही. ते जमवणाऱ्या स्पीगल आणि वायसिस यांनी खूण म्हणून आधी निवडली ती क्ष-किरणात दिसणारी, कॅल्शियम साठलेली पिनियल ग्रंथी. देकार्तने आत्म्याचं आसन मानलेली ती हीच! पण ती जागा बरीच इकडेतिकडे सरकते, म्हणून पुढे मेंदूच्या दोन बाजू जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यांवर, म्हणजे कमिशरांवर, भिस्त ठेवली गेली. तालेराखने बनवलेल्या मेंदूच्या नकाशात शून्य आहे ते अँटीरियर कमिशरवर.

1 ऑक्टोबर 1971 ला विम्बल्डनच्या रुग्णालयात हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू कापांमध्ये दाखवला. तेव्हापासून प्रतल ही पुस्तकातली काल्पनिक काच उरली नाही. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे आले आणि त्यांच्याबरोबर भांडणंही आली. रुग्णालयांतल्या डायकॉम पद्धतीत एक्स रुग्णाच्या डावीकडे वाढतो आणि वाय पाठीकडे; मेंदूसंशोधकांच्या निफ्टी पद्धतीत एक्स उजवीकडे आणि वाय पुढे. झेड तेवढा दोघांचाही डोक्याकडे. मेंदूचे दोन अर्धे इतके सारखे दिसतात की चित्र उलटलं तरी नजरेला कळत नाही. म्हणून कित्येक प्रयोगशाळांत एमआरआयच्या आधी एका कानशिलावर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवतात. ती चित्रात पांढरी चमकते आणि बाजू सांगते. इतकं गणित झाल्यावर शेवटी औषधाच्या गोळीवर विसंबायचं, हे मला भलतंच आवडतं.

आपल्याकडे वर्गात मात्र ही जोडी अजून जमलेली नाही. 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात अ‍ॅनाटमीची पहिलीच क्षमता शरीराची प्रमाण स्थिती आणि प्रतलं यांची आहे. पण समोरची बरीच मुलं दहावीनंतर गणित सोडून आलेली. प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गणित नाही. एक्स आणि वाय त्यांना भेटलेले असतात. तिसरा अक्ष अकरावी-बारावीच्या गणितात येतो, आणि तो त्यांनी पाहिलेलाच नसतो. मग सॅजिटल, कोरोनल, ट्रान्सव्हर्स पाठ होतात आणि पहिला सीटी हातात आला की उजवीकडचं यकृत त्यांना रुग्णाच्या डाव्या बाजूला सापडतं.

सॅजिटल म्हणजे एक्स स्थिर, कोरोनल म्हणजे वाय स्थिर, ट्रान्सव्हर्स म्हणजे झेड स्थिर. फळ्यावर हे पाच मिनिटांचं काम. खरी मजा जिथे जोड बसत नाही तिथे आहे. मीडियल (मध्यरेषेकडे) आणि लॅटरल (मध्यरेषेपासून दूर) या एक्सच्या दिशा नव्हेतच. उजव्या हाताला लॅटरल म्हणजे एक्स एकीकडे वाढणं, डाव्याला दुसरीकडे. मोजायचं ते मध्यरेषेपासूनचं अंतर, चिन्ह सोडून. प्रॉक्सिमल-डिस्टल, म्हणजे हातापायांत धडाच्या जवळचं आणि लांबचं, तर कुठल्याच अक्षावर बसत नाही. ते घाटातल्या किलोमीटरच्या दगडांसारखं आहे, रस्ता वळेल तसं त्याच्यावरूनच मोजायचं. हात डोक्यावर उचलला, मनगटाचा झेड खांद्याच्या वर गेला, तरी मनगट डिस्टलच. हा एक प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला, तर कोणी संज्ञा पाठ केल्या आणि कोणाला शरीर अवकाशात दिसतं, ते लगेच कळतं.